साहेब झोपले, दाब बराबर

मी अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात काम करतो. हे मामाच्या गावी, कुरुंद्यात, कुणाला सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, अंधारात तुझं अंग चमकतं का. दुसरा, तिथं तू नेमकं करतोस काय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला मात्र मी बारा वर्षं अडखळतो आहे, कारण खरं उत्तर असं की मी आठ तास बघत बसतो. समोर भिंतभर काटे, दिवे आणि पडदे असतात. ते सगळे जिथं असायला हवेत तिथंच असतात. तासातासाला त्यांचे आकडे वहीत लिहायचे, आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच बघतो आहोत अशा नजरेनं बघायचे. एवढंच काम.

माझा मामा हळद पिकवतो. त्याला मी एकदा हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाला, "म्हंजे काई होऊ नये म्हणून तुला तिथं बसवलंय."

"व्हय."

"अन् काई होत न्हाई."

"न्हाई होत."

"मंग पारावर आपले सात-आठ जण हायेत. लई अनुभव हाय त्यायला. घेऊन जा."

मला राग आला. काही होत नसताना जागं राहणं हे किती अवघड असतं, ते पारावरच्यांना काय कळणार? आम्हाला त्याचं प्रशिक्षण असतं. कुठलाही हुकूम ऐकला की तो शब्दशः परत म्हणायचा, मगच हात लावायचा. काटा वाचताना त्याच्याकडे बोट करून मोठ्यानं वाचायचं. फार वेळ बसायचं नाही, उठून चालायचं. डोळे जड झाले तर शेजारच्याला लगेच सांगायचं. बारा वर्षांत माझा कधी डोळा लागला नव्हता आणि याचा मला अभिमान होता. तो मी घरी बोलूनही दाखवत असे.

गेल्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत मी सुट्टीवर कुरुंद्याला होतो. मामाच्या शेतात कुकर आला होता. हळदीचा कुकर म्हणजे चाकांवरचा बॉयलर आणि त्याला जोडलेले चार ड्रम. खाली लाकडं जाळायची, बॉयलरात वाफ करायची आणि ड्रमात भरलेल्या ओल्या हळदीत ती सोडायची. कुकरबरोबर त्याचा मिस्त्री येतो. या मिस्त्रीच्या मेहुणीचं कळमनुरीला लग्न होतं आणि त्याला एका दिवसापुरतं जायचं होतं. एरवी मामाच कुकरपाशी उभा राहिला असता, पण ट्रॉलीवरून उतरताना त्याचा पाय मुरगळला होता. तो लिंबाखाली बाजेवर पाय वर करून पडून होता. तिथूनच त्यानं मिस्त्रीला सांगितलं, "तू बिनघोर जा. माझा भाचा अणूची भट्टी चालवतो. तुझा कुकर त्याला काय?"

मिस्त्रीनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "याच्याआधी हळद शिजवली का?"

"नाही."

त्यानं मामाकडे पाहिलं. मामानं मान हलवली, म्हणजे काही हरकत नाही. मग मिस्त्रीनं मला दाबाचा काटा दाखवला, तो जिच्यापुढे जाऊ द्यायचा नाही ती लाल खूण दाखवली, पाण्याची पातळी दाखवणारी नळी दाखवली आणि कुठला कॉक कुठल्या ड्रमचा ते सांगितलं. त्यानं सांगितलेलं प्रत्येक वाक्य मी सवयीनं परत म्हटलं. मला कमी ऐकू येतं असं त्याला वाटलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा ओरडून सांगितलं. मीही ओरडून परत म्हटलं. मग तो मोटारसायकलवर बसून निघून गेला.

कामावर मामी होती, हळद भरायला दोघी बाया होत्या आणि जाळ सांभाळायला शेजारच्या तांड्यावरची एक म्हातारी मावशी होती. सगळ्यांना समोर बसवून मी कामाची पद्धत सांगितली. शाळेची कोरी वही मागवून घेतली आणि तिला नोंदवही केलं. नोंदवहीत नाव लिहायचं नाही, पद लिहायचं, असंही सांगितलं.

"तुमचं पद काय मंग?" मामीनं विचारलं.

"पाळीप्रमुख."

"लई लांब हाय. साहेब लिहीन मी."

मग काम सुरू झालं. "दोन नंबरच्या ड्रमला वाफ सोडा," मी म्हणालो.

मामी कॉकपाशी निघाली.

"थांबा मामी. आधी मी काय म्हणालो ते परत म्हणा."

"काहून? तुमाला याद न्हाई?"

मी समजावलं. तुम्ही परत म्हटलं की तुम्ही बरोबर ऐकलं हे मला कळतं. मी हो म्हटलं की मला कळलं हे तुम्हाला कळतं. मगच कॉक फिरवायचा. चूक होत नाही.

मामी विचारात पडली. "पंचवीस वर्सं तुमच्या मामासंगं संसार केला, भाचेबुवा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर लई तकलीफ वाचली असती."

त्यानंतर मात्र तिनं ती पद्धत माझ्यापेक्षा चांगली उचलली. बायांनीही उचलली. चहा आला तेव्हा मामी म्हणाली, "भाचेबुवाला चहा द्या." एक बाई म्हणाली, "भाचेबुवाला चहा द्या, ऐकलं." मला चहा दिला. "दिला." "दिला, ऐकलं." तिकडून बाजेवरून मामानं विचारलं, "माझी काठी कुठं हाय?" तिघी एका सुरात म्हणाल्या, "तुमची काठी कुठं हाय, ऐकलं," आणि हळद भरत राहिल्या. मामा अर्धा तास काठीची वाट पाहत होता.

फक्त मावशी काही परत म्हणत नव्हती. मी तिला नम्रपणे आठवण करून दिली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी लाकूड टाक म्हणलं की मी लाकूड टाकते. बोलत बसले तर इस्तू इझून जाईल." मी तिला सूट दिली आणि तशी नोंद वहीत केली.

सकाळ फार छान गेली. हळद शिजली का हे मी घड्याळावरून ठरवणार होतो, पण मामी हळकुंडात झाडूची काडी टोचून बघायची. काडी आरपार गेली की शिजली. मग मी वहीत 'काडी आरपार: होय' असा रकाना आखला. दर पंधरा मिनिटांनी दाब, पाणी आणि काडी. इतकी सुबक नोंदवही मी कामावरही कधी ठेवली नव्हती. बाजेवर जाऊन ती मामाला दाखवली. तो म्हणाला, "अक्षर चांगलं हाय."

गडबड जेवणानं केली. कामावर पाळी चालू असताना आम्ही बेताचं खातो. इथं ज्वारीची भाकरी, ठेचा, वांगं आणि तांब्याभर ताक होतं. दोन भाकरींनंतर मामीनं विचारलं, "अजून एक वाढू?"

"नको," मी म्हणालो.

"नको, ऐकलं," मामी म्हणाली आणि वाढली. हुकूम बरोबर परत म्हणून उलटं केलं तर आमच्याकडे चौकशी लागते. मी भाकरी खाल्ली. मग आणखी एक नको म्हटली, आणि तीही खाल्ली.

दोनच्या सुमाराला डोळे जड झाले. लिंबाची सावली खुर्चीवर आली होती, बॉयलर एका सुरात गुणगुणत होता आणि ओल्या हळदीची ऊबदार वाफ अंगावर येत होती. मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. उठलो, कुकरभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळ्यांवर पाणी मारलं, काट्याकडे बोट करून दाब मोठ्यानं वाचला. मग दोनची नोंद लिहायला म्हणून खुर्चीत टेकलो.

जाग आली तेव्हा सावली खुर्ची सोडून लांब गेली होती. डोक्याखाली घडी केलेलं पोतं होतं आणि ते मी ठेवलेलं नव्हतं. मी दचकून काट्याकडे पाहिलं. काटा लाल खुणेच्या पुष्कळ खाली होता. पाणी बरोबर होतं. कुकरसमोर मामी ताठ उभी होती, हातात वही आणि कानावर पेन. पलीकडे शिजलेल्या हळदीचा, मी न पाहिलेला, नवा ढीग पसरला होता.

मी वही मागितली. माझ्या अक्षरातली शेवटची नोंद अशी होती: '२.०० दाब बरोबर. पाणी बरोबर. तीन नंबर ड्र'. तिथून एक रेघ तिरपी खाली जाऊन पानाबाहेर गेली होती. पुढचं अक्षर मामीचं होतं.

'२.०५ साहेब झोपले. दाब बराबर.

२.१५ साहेब घोरून राहिले. दाब बराबर. पानी बराबर.

२.३० तीन नंबर काडी आरपार. हळद काढली. साहेब तसेच.

२.४० साहेबाच्या तोंडावर माशी. उडवली.

२.४५ माशी परत आली. उडवली. दाब वाढला. मावशीनं लाकूड बाहेर ओढलं. दाब बराबर.

३.०० साहेब झोपेत 'ऐकलं' म्हणाले. कुणी काई म्हणलं नव्हतं.

३.१० साहेबाची मान वाकडी. पोतं दिलं.

३.२० मामा म्हणाले उठवू नका. उठवू नका, ऐकलं.

३.३० साहेबाचा फोटो काढला. दाब बराबर.'

मी ते दोनदा वाचलं. कान तापले. पावणेतीनची नोंद तिसऱ्यांदा वाचली. दाब वाढत होता आणि मी माशा खात बसलो होतो.

"मामी, मला उठवायचं ना."

"काहून? तुमीच म्हणले होते, काई येगळं दिसलं तर सांगा. येगळं काईच दिसलं न्हाई."

"दाब वाढला होता."

"ते मावशीनं बघितलं."

मी मावशीकडे गेलो. दाब वाढल्याचं तिला कसं कळलं ते विचारलं. ती म्हणाली, आवाज बदलला. मी म्हणालो, आवाजावर जाऊ नये मावशी, काटा बघावा. ती जाळातलं लाकूड सारखं करत म्हणाली, "काटा कसा दिसंल, साहेब? मधी तुमचं डोस्कं होतं."

बाजेवरून मामाचा खोकल्यासारखा आवाज आला. तो हसत होता आणि हसताना त्याचा पाय दुखत होता, त्यामुळे तो हसू दाबून राहिला होता. दिवस मावळेपर्यंत मी उभाच राहिलो. खुर्ची मी स्वतः उचलून गोठ्यात ठेवली. नुसतं उभं राहवेना म्हणून हळद पसरायलाही लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. त्यानं सवयीनं हाक दिली, "लाकूड कमी करा." तिघींनी ते शब्दशः परत म्हटलं. त्यानं पुन्हा काही सांगितलं, ते पुन्हा तिघींकडून परत आलं. थोड्या वेळानं तो मामाकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाया माझी टिंगल करून राहिल्या का?"

"न्हाई," मामा म्हणाला. "अणूची पद्धत हाय ती." आणि त्यानं वही पुढे केली.

मिस्त्रीनं अख्खं पान वाचलं. "यातले साहेब कोण?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो आता ओरडणार असं मला वाटलं, आणि त्याचा तो हक्कच होता. पण त्यानं वही मिटली आणि माझ्याजवळ येऊन बसला. "पहिल्या सीजनला मी झोपलो होतो, तवा उस्तादानं माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं," तो म्हणाला. "तुमाला पोतं भेटलं." मग उठून आधी काटा बघून आला.

सुट्टी संपवून मी कामावर रुजू झालो तेव्हा माझे तळवे अजून पिवळे होते. पाळी सुरू व्हायच्या आधी आमच्या प्रमुख बाई प्रत्येकाची विचारपूस करतात, झोप झाली का, बरं आहे का. त्यांचं लक्ष हातांकडे गेलं. हळद म्हटल्यावर त्यांनी पुढचं विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. फोनवर वहीच्या पानाचा फोटो होता, तो दाखवला. माशीपर्यंत त्या उभ्या राहून वाचत होत्या, नंतर खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "झोप येतेय हे कळल्यावर काय काय केलंस?"

मी सांगितलं. उठलो, चाललो, डोळे धुतले, काटा मोठ्यानं वाचला.

"आणि सांगितलंस कुणाला?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चार हातांवर मामी उभी होती. तिला एवढंच म्हणायचं होतं की मामी, डोळे मिटतायत, जरा बघा. पण सकाळभर साहेब होऊन बसल्यावर ते तोंडातून निघालं नसतं. खरं तर ते मला सुचलंही नव्हतं. बाई पाळीच्या कामाला लागल्या.

त्या दिवशी दुपारी जेवणानंतर कक्षात सगळं शांत होतं. काटे जागच्या जागी होते. पापण्या खाली येतायत असं मला जाणवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून म्हणालो, "माझे डोळे जड होतायत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "जा, चालून ये. मी बघतो," म्हणाला आणि माझ्या बाजूचे काटेही त्यानं ताब्यात घेतले. मी रीतसर सांगून बाहेर पडलो, जिना दोनदा चढलो-उतरलो, तोंड धुतलं आणि परत येऊन उभा राहिलो. मी जागा घेतल्याबरोबर तो उठला.

"आता मी जातो," तो म्हणाला. "पाऊण तास झाला मला जांभया येतायत. तू आधी बोलशील म्हणून थांबलो होतो."