बिनतिकीट बाई आणि इतर प्रवासी

“वारा नाई, काई नाई, अन् ही बनियन काऊन हालून राह्यली बे?” पोकलेनवाल्यानं जोडीदाराला हळूच विचारलं. दोघंही मागच्या अंगणातल्या दोरीकडे बघत होते. मी बघितलं नाही. मला माहीत होतं.

माझ्या आईचे मामा, आमचे आबाजी, हे बहुधा एकमेव एसटी कंडक्टर असतील ज्यांना निवृत्तीनंतरही प्रवाशांनी सोडलं नाही. आर्वी डेपोतून ते मोडीतली एक घंटा घेऊन हिंगणीला परतले आणि घरामागच्या नाल्याकाठी त्यांची दुसरी नोकरी सुरू झाली. फुलपाखरांना घामाचं मीठ आवडतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक बनियन धुणं कायमचं बंद केलं. सकाळभर ती घालून उन्हात खुरपायचं आणि मग दोरीवर टांगायची. उन्हं कलेपर्यंत तिच्यावर इतकी फुलपाखरं बसत की आत कुणी नसताना छाती वरखाली होतेय असं वाटे. सुट्टीत गेले की मी तिकडे पाठ करून जेवायचे.

नाल्याकाठी घोळ नावाची रानभाजी माजलेली असे. त्यांच्या बायकोला, म्हणजे आजीला, ती स्वयंपाकात हवी असायची, आबाजींना अळ्यांसाठी. कारण तिच्यावर छोटा चांदवा अंडी घालतो. काळ्या पंखांवर पांढरे चंद्र असलेलं, कायद्यानं जपलेलं फुलपाखरू. “घरच्या माणसाले पिठलं, अन् अळ्यांले ताजी भाजी!” आजी करवादायची. “त्याईचं रिझर्वेशन आहे,” आबाजी शांतपणे सांगत. चांदव्याची मादी दुसऱ्याच, विषारी जातीचं रूप घेऊन हिंडते. तिला ते ‘बिनतिकीट बाई’ म्हणत, पण उतरवत मात्र नसत.

संध्याकाळी ते घंटा दोनदा वाजवत. दोनदा म्हणजे निघा, एकदा म्हणजे थांबा. सगळी फुलपाखरं एकदम उठत आणि मागे उरलेल्या त्या पोकळ बनियनकडे मला बघवत नसे. हे कसं होतं, ते मी कधी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नाही. एकदा तेच म्हणाले, “पोरी, तू मनातल्या मनात घंटी वाजवते. डायवरले ऐकू कशी येईन?”

गेल्या हिवाळ्यात आबाजी गेले. आजीनं बनियन काढली नाही. तिला हात लावायची भीती वाटते. अख्ख्या पावसाळ्यानं तिच्यातलं मीठ केव्हाच धुऊन नेलं असणार. तरी ती अजून हलते.

आता गॅसची पाइपलाइन नेमकी या घोळीतून जायची होती आणि कंपनीची पर्यावरण पाहणी माझ्याकडे होती. माझ्या होकाराशिवाय चर खोदता येत नव्हता. पण माझं गप्प राहणं हाच होकार, अशी सगळ्यांना सवय झालेली.

“तणच आहे सगळं,” कंपनीचे साहेब म्हणाले. “करायचं ना चालू?”

पोकलेनवाल्यानं लोखंडी पंजावर नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली आणि यंत्र सुरू केलं. पंजा वर गेला. घंटा कुणीच वाजवली नव्हती, तरी बनियन एकाएकी रिकामी झाली. सगळी फुलपाखरं घोळीवर येऊन बसली, पंख मिटून, अगदी स्तब्ध. बिनतिकीट बाई माझ्या मनगटावर बसली. दोरीच्या खांबावर आबाजींची घंटा होती, पण यंत्राच्या धडधडीत ती कुणाला ऐकू येणार?

“इथून नाही, सर!” मी ओरडले. “थांबवा गाडी. प्रवासी बसलेत.”