हौदातली मायला

मायला कोर्पेलाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती फिनलंडमधल्या आमच्या गोठलेल्या तळ्यात, बर्फ कापून केलेल्या हौदात गळ्यापर्यंत बुडालेली होती. डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि अंगातून एवढी वाफ निघत होती की तिच्यावर अख्ख्या औलू शहराचे बटाटे उकडले असते. "कपडे घालून काय उभा आहेस? मयताला आलायस का?" असं म्हणून तिने मला आत ओढलं. मी जिवंत वर आलो, याचं तिला जरा वाईटच वाटलं असावं.

अशी ही आमच्या हिवाळी पोहणाऱ्यांची पुढारी. एका हिवाळ्यात लेकीने हट्टाने तिला थायलंडला नेलं. फेब्रुवारीत ती परतली, भाजलेल्या काजूसारखी होऊन. बाहेर उणे पंचवीस होतं आणि तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफेच्या गरम खोलीत, आमची मंडळी टपूनच बसली होती.

"आता बाईंना कोमट पाणी लागणार," ऑस्मो म्हणाला. "नारळ आणू का गं, नळी लावून?"

"बायकोला आण. मागच्या हिवाळ्यात तू हौदाच्या शिडीवरूनच परत फिरलास, ते सांगते तिला."

मायला ताडताड चालत गेली, हौदात उतरली आणि बाहेर यायचं नावच घेईना. ओठ निळे पडले तरी तोंड चालूच होतं.

"तिकडचा समुद्र म्हणजे वाटाण्याचं सूप. त्यात कोण पोहतं?"

शेवटी ऑस्मोने हात जोडून माफी मागितली, तेव्हा कुठे ती वर आली.

पुढच्या नोव्हेंबरात ती पुन्हा थायलंडला गेली. आता दर हिवाळा ती तिकडेच काढते.