ताशेवाल्याची व्याहीभेट

सांगतो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, अंगावर सांडाल! पोटच्या पोरीच्या लग्नात मी असा घोळ घातलाय की आमच्या गावच्या, वाशीच्या बाजारात अजून लोक मला बघून तोंडाला रुमाल लावतात.

झालं काय, दोन-तीन वर्षांपासून मला लांबचं पुसट दिसायचं. उन्हात तर सगळ्यांच्या तोंडावर पीठ उधळल्यासारखं वाटायचं. पण कबूल कोण करणार? पन्नाशी नुकती ओलांडलेली, मिशी काळी (काळी करून घेतलेली, पण काळी!), आणि चष्मा लावून मांडवात मिरवू?

आमची मनीषा सारखी मागं लागायची. "आप्पा, लग्नाच्या आदी एकदा डोळं दाखवा की."

"कशाला? ती बघ, बांधावरची म्हैस हितनं दिसती मला."

आतून बायको ओरडली, "अवो, म्हैस कुठली? माझा भाऊ बसलाय तितं!"

तो विषय मी तिथंच मिटवला. बायकोनं मात्र दोन दिवस मिटवला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळपासून मी कार्यालयाच्या दारात येरझाऱ्या घालतोय. एका जागी पाय ठरेल तर शपथ! वऱ्हाड उमरग्याहून यायचं, मुहूर्त साडेबाराचा. घड्याळ तीनदा बघितलं, तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी वाजलेलं. व्याही म्हणजे ट्रकांचा धंदा असलेला दिलदार माणूस, पण मानपानाला भारी कडक. मान चुकला तर वऱ्हाड माघारी नेतील, असं मध्यस्थानं मला चार वेळा बजावलेलं. तसं झालं तर पोरीला तोंड कसं दाखवू? डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

आणि ताशा कडाडला! वऱ्हाड दारात!

आमच्याकडची व्याहीभेट तुम्ही बघितलीच असेल. बापानं बापाला, चुलत्यानं चुलत्याला, मामानं मामाला हार घालायचा, मिठी मारायची आणि अंगात जोर असेल तर उचलायचं. समोर बघतो तर उन्हाच्या झळीत नुसते गुलाबी फेटे. त्यातला एक पुढं आलेला, धिप्पाड, मिशीवाला. म्हटलं, हेच! जरा थांबून निरखावं, एवढा धीर होता कुणाला? धावलो, हार घातला, कमरेला मिठी मारली आणि उचललं. पोट जरा टणक लागलं. म्हटलं, असतं एकेकाचं.

"अवो मालक, सोडा! ताशा फुटंल माझा!"

मागं वळून बघतो तर काय, माझ्यावर विश्वास टाकून धाकट्या भावानं पिपाणीवाल्याला हार घातलेला, आणि मेव्हण्यानं ढोलवाल्याला ढोलासकट उचललेलं!

बँड बंद. आणि बाजूला खरे व्याही दोन्ही हात पसरून उभे.

"पयला मान वाजंत्र्याला?" एवढंच बोलले आणि तरातरा जाऊन जीपमध्ये बसले.

मुहूर्ताला वीस मिनिटं! मी पळतच जीप गाठली, फेटा काढला, हात जोडले. "पाव्हणं, चुकलं माझं. माझ्या लेकराकडं बघा. म्हणाल तर पायावर डोस्कं ठिवतो."

"माझ्या कशाला ठिवताय? म्या डायवर हाय. मालक मागं बसल्यात."

आता राहिलं काय? तेवढ्यात मनीषाच आली, शालू सावरत, डोळ्यांत पाणी आणि नाकावर राग, आणि थेट सासऱ्यांनाच म्हणाली, "मामा, आप्पांनी मुद्दाम न्हाय केलं. त्यांना दिसतच न्हाय! सा महिनं झालं सांगतीया, डोळं दाखवा म्हणून. ऐकतच न्हाईत कुणाचं."

सगळ्या वऱ्हाडापुढं! लाजेनं मेलो. पण त्यात खोटं काय होतं? मान खाली घालून म्हटलं, "व्हय पाव्हणं. दिसत न्हाय."

व्याह्यांनी जीपमधून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाले, "दिसत न्हाय? मग आमचं पोरगं काय बघून पसंत केलं?"

आणि जे हसत सुटले! जीपमधून उतरले आणि मलाच उचललं. मुहूर्त गाठला एकदाचा.

आठव्या दिवशी त्यांनीच मला धरून उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर साखर वाढलेली. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "चाळिशीनंतर डोळे नेमानं तपासायचे असतात. इतके दिवस काय करत होता?"

"वाजंत्री उचलत हुते," व्याही म्हणाले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता बांधावर मेव्हणा बसला की मेव्हणाच दिसतो.

पण एक राहिलंच. फोटोवाल्यानंही माझ्यावरच विश्वास टाकलेला! व्याहीभेटीचे झाडून सगळे फोटो ताशेवाल्याबरोबरचे. त्यातला एक व्याह्यांनी मोठा करून बैठकीत लावलाय. आल्या-गेल्याला सांगतात, "उचलणारे ते आमच्या सुनंचं वडील. तुमी डोळं तपासलं का औंदा?"

परवा तो फोटो मी पहिल्यांदाच स्वच्छ नजरेनं बघितला. ताशेवाल्यानं भीतीनं डोळे गच्च मिटून घेतलेत. माझे मात्र चांगले सताड उघडे आहेत!