दहा उधाणं आणि अठरा आठवडे

पनवेलच्या कोर्टात वकिलीला लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आई करंजाच्या बंदरावर बोंबील सुकवायची आणि त्यावरच माझं शिक्षण झालं. ज्या वकील मॅडमनी कोणाच्या ओळखीशिवाय मला हाताखाली घेतलं, त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही. म्हणूनच त्या प्रकरणात माझ्या हातून होता होता राहिलेली चूक अजून बोचते.

अशील करंजाचीच होती, तिशीतली, दोन मुलांची आई. दुसऱ्या बाळंतपणात रक्तदाब वाढून तिला झटके आले होते. तिसऱ्यांदा दिवस गेल्यावर पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी जिवाला धोका सांगितला आणि तिच्या संमतीने गर्भपात केला. नवऱ्याचीही त्याला ना नव्हती. पण तिच्या थोरल्या दिराने पोलिसांत तक्रार केली. त्याला मूलबाळ नव्हतं. हे मूल आपल्याला द्या, असं तो आधीपासून म्हणत होता आणि त्याला न विचारता सगळं उरकलं होतं.

वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं लागतं. इथे डॉक्टर एकच होत्या. सोनोग्राफीत अठरा आठवडे होते, पण दिराच्या तक्रारीत ‘दहा उधाणं झाली होती’ असं लिहिलेलं. पोलिसांनी त्याचे पाच महिने केले, सोनोग्राफीचा कागद खोटा ठरवला आणि जामीन सहजी मिळणार नाही असं कलम लावलं. तिची अटक टाळायला आम्ही अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला.

मी तिला विचारलं, “तुम्ही स्वतः किती दिवस मोजले होते?”

“दहा उधाणं,” ती म्हणाली. “दादा खोटं नाय बोलले.”

अमावस्या आणि पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला आमच्याकडे उधाण म्हणतात. म्हणजे पंधरवड्याला एक. मी वहीत दहा गुणिले पंधरा केलं. दीडशे दिवस, एकवीस आठवड्यांच्याही वर! मला वाटलं, बाई आपल्यापासून काहीतरी लपवतेय. सोनोग्राफीचा मुद्दा सोडून देऊ, असं मॅडमना सुचवायचं मी ठरवलंही. आधी सहज आईला फोन केला.

“दहा उधाणं म्हणजे पाच महिने ना गं?”

“पाच कुठलं? ज्या उधाणाला पाळी येते तेच पयलं धरायचं. आनि आता येनारं हाय तेबी धरायचं. तू पनवेलला जाऊन मोजायचं पन विसरलीस काय?”

मी कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा मोजलं. नऊच पंधरवडे भरत होते, त्यातला शेवटचा अपुरा. अठरा-एकोणीस आठवडे. ती बाई खरं बोलत होती आणि सोनोग्राफीही. मला लाज वाटली. मी त्याच बंदरावर वाढले होते आणि माझ्याच माणसांची मोजणी मला परकी झाली होती.

सुनावणीच्या दिवशी मॅडमनी न्यायाधीशांपुढे तेच कॅलेंडर ठेवलं. सरकारी वकील हसले. “आता भरती-ओहोटी बघून जामीन मागणार का मॅडम?”

“भरतीवर मोजायला तुमच्याच फिर्यादीने सुरुवात केलीय,” मॅडम म्हणाल्या.

दीर मागच्या बाकावर बसला होता. न्यायाधीशांनी त्यालाच उभं केलं. “एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत किती उधाणं होतात?”

“तीन, साहेब.”

“महिन्याला दोनच ना?”

“नाय साहेब. ज्या उधाणाला मोजायला बसलो ते पयलं सोडून कसं चालंल?” तो म्हणाला. आपल्याच मोजणीने दहा उधाणांचे पाच महिने होत नाहीत, हे त्याला बोलता बोलता कळलं. त्याला फिरवून सांगता आलं असतं, पण त्याने तसं केलं नाही.

न्यायाधीशांनी कॅलेंडर जवळ ओढून स्वतः मोजलं. अटकपूर्व जामीन मंजूर झाला. पुढे तपासात ते कलमही गळलं.

कोर्टाबाहेर दीर पायरीवर मान खाली घालून बसला होता. ती त्याच्याजवळ जाईल असं मला वाटलं नव्हतं. तिचा नवराही चार हात लांबच थांबला. तेव्हा मला कळलं की एवढ्या भांडणातही तिची दोन्ही पोरं त्या दिवशी जावेकडेच, म्हणजे या दिराच्याच घरी ठेवलेली होती.

“दादा, उठा,” ती म्हणाली. “एसटी जाईल. पोरं तुमच्याबिगर जेवायची नायत.”

तो पायरीवरून उठला आणि त्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून, स्टँडकडे चालू लागला.