खर्र्याचे डोहाळे

नर्सची नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. फेकून द्यावेत म्हटलं तर तेही जमत नाही, कारण प्रत्येकात कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतं. मी नेरजवळच्या एका गावात उपकेंद्रावर आहे. सोबत आमची आशा कार्यकर्ती, कांताबाई. तिचं तोंड दोनच कामं करायचं, बोलणं आणि खर्रा खाणं. हे सगळे किस्से एकाच पोरीचे. तिला आपण मनीषा म्हणू.

*

मनीषाला पाचवा महिना होता आणि ती दिवसाला चार खर्रे खायची. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घोटलेलं. पहिलं बाळ विसाव्या दिवशी गेलं, तेव्हापासून हे वाढलेलं. कांताबाई समजवायला गेली.

"पोटातल्या लेकराले तरास होते बाई. सोड आता."

मनीषाने तिच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं. "तुमी आंधी थुकून या, मंग सांगा."

कांताबाई खरंच बाहेर जाऊन थुंकून आली. त्या दिवसापासून तिचा खर्रा सुटला. मनीषाचा काही सुटला नाही.

*

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. मी गेले, तर ताटात पुरणपोळी, भजी, आणि मधोमध खर्र्याची पन्नी. वर कुंकूसुद्धा लावलेलं!

"मावशी, हे काय?" मी सासूला विचारलं.

"डोहाये हायेत तिचे. नाई पुरवले तं लेकराचे कान फुटतेत."

मी पन्नी उचलून पर्समध्ये टाकली. जमलेल्या बाया माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मलाच तलफ आली होती.

*

गरोदर बाईच्या मनाची विचारपूस करायला आमच्याकडे एक फॉर्म असतो. मी विचारायची मनीषाला, उत्तर द्यायची सासू.

"झोप लागते?" "लागते." "भीती वाटते?" "घरात कायची भीती?"

मनीषा भिंतीकडे बघत बसलेली. कांताबाई उठली. "मावशी, चाला भाईर, तुमचं बीपी पाहू." मशीन नीट चालत नाही म्हणत तिने ते तीनदा पाहिलं.

तेवढ्यात मनीषा हळूच म्हणाली, "खर्रा तोंडात हाय तोवर डोकं बंद राह्यते. नाई तं वाटते, हे लेकरूबी जाईन. त्याच्या आंधी मीच गेली तं बरं."

 ट्रेनिंगमधलं एक वाक्य आठवेल तर शपथ. मी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. संध्याकाळच्या आत नवऱ्याला सांगून फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवले.

*

नेरला बुधवारी मनाचे डॉक्टर येतात. सासू ऐकेना. "माही सून पागल नाई."

"पागल नाई मावशी. दुखून राह्यलं तिले," कांताबाई म्हणाली.

सासूने तोंड वाकडं केलं. पण मनीषाला घेऊन गेली. गरोदरपणात चालतील अशा गोळ्या मिळाल्या, त्या तिने स्वतःच्या कमरेला खोचल्या. मग दर बुधवारी सासूच सुनेला ओढून न्यायची. मनीषा निमूट जायची. खर्रे चारावरून दोनावर आले, तरी तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

*

आठवा संपत आला होता. सकाळी सासू अनवाणी धावत उपकेंद्रात आली.

"मनीषा घरात नाई."

मोबाइल खाटेवर पडलेला. नवरा आणि शेजारचे दोघं विहिरीकडे गेलेले. मी स्कूटी काढली, मागे कांताबाई, तिच्या मागे सासू. एवढं बोलणारी कांताबाई रस्ताभर एक शब्द बोलली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शाळेमागे पाहिलं, माळावर पाहिलं, मग फाट्याकडे वळलो.

फाट्यावरच्या बाकड्यावर मनीषा बसली होती. मांडीवर दवाखान्याची फाइल, केस नीट विंचरलेले. एका स्कूटीवर आम्ही तिघी बघून ती चकित झाली.

"काहून वं आत्याबाई? आज बुधवार हाय ना. तुमी रातभर खोकलून राह्यल्या होत्या, म्हणून नाई उठवलं."

 मनीषा जरा सरकली आणि सासूला बाकड्यावर जागा करून दिली.

"बसा. यस्टी यायची हाय अजून."