देवराईतला सादडा

पेठकडच्या एका देवराईत वादळाने पाडलेलं झाड मी उचलायला लावलं आणि दोष दुसऱ्याला घेऊ दिला. हे आधीच सांगतो. नाहीतर त्या माणसाच्या गमती सांगता सांगता मी स्वतःला वाचवत जाईन.

तो आमच्या वनखात्याच्या लाकूड डेपोवरचा मुकादम, माझ्याहून वयाने मोठा. कशाचीही घाई केली की मान तिरकी करून विचारायचा, "सायब, लाकूड पळतंय का?" एकदा खरंच काही ओंडके चोरीला गेले. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "पळालं की," तो गंभीरपणे म्हणाला, "पन पाय दुसऱ्याचे व्हते."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. रागवायला जावं तर हसूच येतं.

त्या वर्षी वादळाने रानंच्या रानं आडवी केली. पडलेला माल पावसाआधी डेपोत आणून थप्प्या लावायच्या होत्या. जमिनीवर राहिला की वाळवी लागते. वरून रोज फोन यायचे. रानातलं लाकूड संपलं, तेव्हा मी देवराईत पडलेल्या सादड्याच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"तो नको, सायब. देवाच्या रानातली काडीबी आमी नेत नाय. पडला तिथंच कुजू द्या."

"पडलेलं झाड सरकारचं. तुला जमत नसेल तर दुसरा मुकादम आणतो."

त्याने साखळी उचलली. मग मजुरांना म्हणाला, "लांब व्हा रे. कोनी हात लावू नका." साखळी त्याने एकट्याने बांधली. डेपोतही तो सादडा थप्पीत न घालता बाजूला ठेवला. त्यावर कुणी टेकलं की ओरडायचा, "ऊठ! बाकडं हाय का ते?"

गावात त्याने सांगितलं, "झाड मीच दाखवलं, सायबाला काय ठावं."

वाघबारशीला वाघदेवासमोर गावाची खीर तोच शिजवायचा. त्या दिवाळीत त्याच्या हातचं कुणी घेतलं नाही. मला कळलं तेव्हा मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुमची बदली झाली असती. नवा सायब याहून घाईचा निघाला म्हंजे?"

तो हसला. मीही हसलो, आणि गप्प बसलो.

पुढच्या वर्षी तो बायकोला घेऊन सायखेड्याला द्राक्षछाटणीवर गेला. वाघबारशीलाही आला नाही. मी मात्र त्या दिवशी गावात गेलो. चुलीवर दुसराच कुणी होता. सगळ्यांसमोर म्हणालो, "हुकूम माझा होता. तो नको म्हणत होता."

एका म्हाताऱ्याने लाकडं पुढे सारली. "आमची काय आडकाठी नाय आता. पन तो येतो का, त्याला इचारा."

दुसऱ्या दिवशी सायखेड्याला पोचलो. वेलींच्या ओळीत तो कात्री घेऊन उभा होता, बराच वाळलेला. मला पाहून त्याने हात थांबवले.

"तुम्ही नको म्हणालात, मी ऐकलं नाही," मी म्हणालो. "गावाने तुम्हाला दूर केलं, तेव्हाही तोंड उघडलं नाही. काल गावात सगळं सांगून आलो. माझं चुकलं. गावाची आता आडकाठी नाही, पुढच्या वाघबारशीला खीर शिजवायला याल का?"