मामंजींचं बेअरिंग

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. धारमधल्या आमच्यासारख्या जुन्या घरांत तीच रीत होती. मामंजी संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री होते, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना पान्याला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. हत्यारांची पेटी माळ्यावर, तिच्यावर पापडांचे डबे. एकदा डबे काढताना मी पेटी सरकवायला गेले तर खालून म्हणाले, "राहू दे सूनबाई, त्यात काही नाही." पेटी जागची हलेना इतकी जड, आणि म्हणे काही नाही!

खरी गोष्ट मला नवऱ्याकडून कळली. हे सरदारपूरला तहसिलीत कारकून होते, शनिवारी घरी यायचे. यांनी सांगितलं, तेही मामंजी देवळात गेल्यावर, हळू आवाजात.

देवासच्या एका सरदारांकडे विलायती गाडी होती. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीत पळवायच्या जातीची. धार-देवासच्या दरबारांचं नातं, त्यामुळे मोटारीचं अवघड दुखणं असलं की मामंजींना बोलावणं यायचं. या गाडीचं इंजिन त्यांनी पार सुटं करून नव्यानं बांधलं. दसऱ्याला सरदार पाहुण्यांना शेजारी बसवून सोनकच्छच्या रस्त्यानं निघाले आणि आठ-दहा मैलांवर इंजिन जाम झालं. बैल लावून गाडी परत आणावी लागली. सरदारांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मिस्त्रीनं बेअरिंग आवळून ठेवलंय. याच्या हाती पाना नको, पंखा द्या. वारा घालील."

मामंजी धारला आले आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे संस्थानं विलीन झाली, मोटारखान्याला कुलूप लागलं, सगळ्यांचंच काम गेलं. पण मामंजींचं काम त्याच्या आधीच गेलं होतं.

हे ऐकून मला असा संताप आला! मी त्या सरदाराला पाहिलंही नव्हतं, तरी मनातल्या मनात त्याला दहा वेळा पंखा दिला.

दोन-तीन वर्षांनी, संक्रांतीच्या सुमाराला, देवासहून कुणी तरी बातमी आणली की सरदार वाड्यातलं सामान काढताहेत आणि ती गाडी भंगारात जाणार आहे. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, पोस्टकार्ड आहे का घरात?" मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला, कारण त्यांच्या हाताला कंप होता. कप धरला तरी बशीत चहा सांडायचा. पत्रात एवढंच होतं: सरकारांनी इंजिन उघडू द्यावं. बेअरिंग बरोबर होतं की नव्हतं, ते डोळ्यांनी पाहायचं आहे. गाडी पाडव्यापर्यंत आपल्या चाकांवर चालत देवासला आली नाही, तर खुशाल भंगारात घालावी.

उत्तर आलं ते एका ओळीचं. घेऊन जा.

इंदूरच्या एका ट्रकवाल्यानं गाडी दोराला बांधून ओढत आणली. दारात उतरून तो म्हणाला, "भिया, ये मोटर है के डोंगी?" तिला होडी म्हटलेलं मामंजींच्या कानावरही गेलं नसावं. ते गाडीभोवती फिरत होते. धूळ झाडत नव्हते, नुसता हात फिरवत होते.

गल्लीतल्या चौघांनी जाड लाकडी बल्ली घालून इंजिन उचललं आणि ओसरीवर दोन ओंडक्यांवर ठेवलं. सरदारांनी रागानं गाडी झाकून ठेवली होती ती तशीच. इंजिन त्यानंतर कुणी उघडलेलंच नव्हतं. मामंजींनी पेटी काढली, पाने फडक्यावर मांडले आणि पहिला नट सोडवायला घेतला. तो हातातून पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी पोळ्या टाकून बाहेर आले.

"द्या इकडे."

"तुझं काम नाही हे."

"माझे वडील घड्याळजी आहेत. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांना चिमट्यानं चाकं देत आलेय. हे तर केवढे धोंडे आहेत!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "याला सांगू नकोस," म्हणाले. "याला" म्हणजे माझ्या नवऱ्याला. हातांचं त्यांनी पोटच्या मुलापासूनही लपवून ठेवलं होतं. त्यांचा चहा हातात न देता नेहमी मीच पुढ्यात खाली ठेवत असे, म्हणून मला ठाऊक.

तर अशी मी मिस्त्री झाले. सकाळी स्वयंपाक उरकायचा, पदर खोचायचा आणि ओसरीवर बसायचं. मामंजी पाटावर बसून सांगायचे, मी करायचे. चुकलं की "हं हं हं!" असं तीनदा म्हणायचे. ते ऐकून डोकं फिरायचं माझं. "एकदा म्हटलेलं कळतं मला!" असं मी फाडकन बोलले एकदा, सासऱ्यांना! ते हसले. मला तेव्हा कळलं की मी त्यांना हसताना प्रथमच पाहतेय.

चौथ्या दिवशी क्रँक बाहेर आला. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला वाकडातिकडा दांडा, पिस्टन त्याला फिरवतात. तो ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांना आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं, आणि दांड्यातल्या बारीक भोकांतून त्यांना तेल मिळतं. तीन बेअरिंगं लखलखीत होती. तिसऱ्या सिलिंडरचं मात्र वितळून फासलं गेलं होतं. मामंजींनी बाकीच्या तिन्हींवरून अंगठा फिरवला. "पाहिलंस? आवळलेलं असतं तर चारही गेली असती. याला तेल मिळालं नाही." त्यांचा आवाज एकदम मोठा झाला होता. "तेल का नाही मिळालं?"

मी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्या भोकात घातला. काही तरी अडकलं होतं. कुरतडून कुरतडून काढलं, तर काळा, तेलकट, लांबट कण. नखानं दाबला. आत पांढरा.

मी रोज दोन वेळा तांदूळ निवडणारी बाई. मला ओळखायला काय वेळ लागतो?

"मामंजी!" मी हसत सुटले. "तुमच्या इंजिनात भात शिजलाय!"

आणि मग त्यांचा चेहरा पाहिला. जीभ कापून टाकावीशी वाटली मला.

तेलाच्या तळपात्रात आणखी सात दाणे निघाले. मामंजींनी ते सगळे एका कागदाच्या पुडीत बांधले. मग सगळं सांगितलं, अगदी सरळ. इंजिन बांधून गाडीत बसवलं तो दिवस खंडेनवमीचा. वाड्यात शस्त्रांची पूजा चालली होती, मोटारीचीही करायची होती. इंजिनाचं वरचं झाकण अजून बसवायचं होतं, पण पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, आणि पूजेची वेळ आधीच ठरलेली. तेव्हा त्यांनी झाकण तसंच बाजूला ठेवलं. उघड्या इंजिनाला हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. झाकण दसऱ्याला सकाळी घाईघाईनं बसवलं.

"वरवर कशाला वाहायच्या, असं वाटलं मला," ते म्हणाले. "आत पोचू देत म्हटलं."

बेअरिंग बरोबर होतं. आणि तरीही चूक त्यांचीच होती.

दोन दिवस पेटी उघडली नाही. दोन्ही दिवस मी स्वतःशी भांडत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे जाऊन बसले. "कुणाला कळणारेय? दाणे मी नाल्यात टाकते. बेअरिंग आवळलेलं नव्हतं एवढंच सांगायचं, आणि ते खरंच आहे. नाही तर म्हणा, भटजींनी टाकल्या अक्षता."

"भटजी तेव्हा हत्यारखान्यात होते. माझ्या हातानं टाकल्या."

"अहो पण त्यांनी चारचौघांत तुम्हाला पंखा—"

"सूनबाई, शेगडी पेटव. धातू ओतायचाय."

म्हटलं ना, माझं डोकं लवकर फिरतं. पण उठून शेगडी पेटवली.

पांढरा धातू लोखंडी पळीत वितळवला. ताप पुरेसा झाला की नाही ते पाहायला कोरडी काडी बुडवायची. ती तांबूस झाली की ओतायचं, काळी पडली तर जास्त झाला. पाकाची तार पाहणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पहिलं ओतणं फसलं, दुसरंही. तिसरं बसलं. मग घासणी. जुन्या कानशीचं एक तीनधारी पातं मामंजींनी कधी काळी केलेलं होतं. दांड्याला तेलात कालवलेला शेंदूर पुसट लावायचा, बेअरिंग त्यावर आवळायचं, फिरवायचं, उघडायचं. जिथे शेंदूर लागला तिथे उंचवटा. तेवढाच केसभर खरवडायचा. परत लावायचं, परत उघडायचं. शेंदूर कोपऱ्यावरच्या मारुतीकडून आणायचे. पुजारी म्हणाला, "काय हो बाई, घरी दुसरा मारुती बसवलाय का?" मी म्हटलं, "हो, आणि तो जेवत नाही, नुसता शेंदूर खातो."

किती वेळा उघडलं ते मोजलं नाही. बोटांची सालं गेली. पण एके दुपारी बेअरिंगभर शेंदराचे बारीक ठिपके उमटले, सगळीकडे सारखे. मामंजींनी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारी दांडी, त्या बेअरिंगावर आडवा धरायला लावला आणि सोड म्हणाले. तो धाडकन पडला नाही, अडकलाही नाही. आपल्याच वजनानं सावकाश खाली आला. मामंजी तीनदा "हं हं हं" म्हणाले आणि मला वाटलं, झालं, चुकलं काही तरी. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

गाडीत परत बसवलेलं इंजिन पाडव्याच्या चार दिवस आधी सुरू झालं. गल्लीतली कुत्री पळाली. वसुलीच्या कामामुळे यांना त्या सगळ्या शनिवारांत सुट्टी नव्हती, एकच रात्र येऊन गेले आणि ओसरीवरचा पसारा पाहून नुसते आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत राहिले.

पाडव्याला गुढी उभारली आणि निघालो. गाडीत जागा दोघांची, रेडिएटरमध्ये वाटेत पाणी ओतायला माणूस हवं, म्हणून मी मामंजींच्या शेजारी बसले. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अगं बाई! सून सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून?" मी म्हटलं, "तुम्ही बसा, बादली देते हातात." स्टीअरिंग घट्ट धरलं की मामंजींच्या हातांचा कंप थांबायचा. बेटम्याला एकदा पाणी घातलं, इंदूरला एकदा. क्षिप्रेचा पूल ओलांडल्यावर त्यांनी गाडी जरा सोडली आणि माझा पदर जो उडाला तो देवासची टेकडी दिसेपर्यंत हाती लागला नाही. लाज? छे! मला ओरडावंसं वाटत होतं.

सरदार वाड्याच्या पायऱ्यांवर उभे होते, मागे चार नोकरमाणसं. आवाज लांबूनच ऐकला असणार. उन्हानं रापलेला, साधा सदरा घातलेला म्हातारा माणूस. मी मनात योजून ठेवलेलं सगळं टोचून बोलणं त्याला पाहून घशातच राहिलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "मिस्त्री, बेअरिंग आवळलेलं नव्हतं तर."

एवढंच तर ऐकायचं होतं आम्हाला! इथेच नमस्कार करून निघायचं. मी मामंजींकडे पाहत होते, मनात म्हणत होते, गप्प बसा, देवासाठी गप्प बसा.

मामंजींनी खिशातून पुडी काढली आणि उघडून पुढे धरली. "नव्हतं सरकार. पण चूक माझीच. खंडेनवमीला उघड्या इंजिनात अक्षता वाहिल्या मी. त्यांनी तेल अडवलं."

सरदारांनी काळे दाणे पाहिले. एक चिमटीत धरला. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमच्यानंतर मीही वाहिल्या होत्या, मिस्त्री. मीही आतच टाकल्या." आणि पुडी परत देत, "पंख्याचं मी बोलायला नको होतं."

मामंजींनी मान खाली घातली. "आणखी एक सांगायचंय. बेअरिंग मी घासलेलं नाही. माझे हात गेले." त्यांनी हात समोर धरले. ते भर चौकात थरथरत होते, सगळ्यांना दिसतील असे. "हिनं घासलंय. माझ्या सुनेनं."

मला हुंदका फुटला. सासऱ्यांपुढे, परक्या माणसांपुढे, तशीच रडत उभी राहिले.

सरदारांनी गाडीखान्याचं दार ढकललं. आत आणखी एक गाडी होती, मोठी, धुळीत बुडालेली, पुढची दोन चाकं काढलेली. "हिचंही इंजिन बंद पडलंय," ते म्हणाले. "ही विकायची नाही. कधी येता?" आणि हे विचारताना ते माझ्याकडे पाहत होते.

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू उरकलं की येते," मी म्हणाले. मामंजींना विचारायचंसुद्धा राहून गेलं.